पत्ता न सापडलेली जनावरं

१

मला लोक चौकस म्हणतात. आमचे हे तर तोंडावर म्हणतात, "आधी तुझं नाक जातं, मग तू जाते." जाऊ द्या. भिंतीला भिंत लागलेली घरं, पलीकडं कढई चढली की इकडं वास येतो. कळतंच मग.

आमची गल्ली बायजीपुऱ्यातली. तबस्सुमचं आणि आमचं मागचं अंगण शेजारी-शेजारी, मधे कमरेएवढी भिंत, तीही एका जागी ढासळलेली. दुपारची भांडी झाली की मी तिथून पलीकडं जाते आणि खालांच्या खोलीत बसते. खाला म्हणजे नजमुन्निसा, तबस्सुमची आई. लकवा मारला तेव्हापासून खाटेवर. कमरेखाली जीव नाही, पण गारठा तेवढा कळायचा. ऐन उन्हाळ्यात, वर पत्रे तापलेले असताना म्हणायच्या, "संध्या, पाय बरफ हो गये गं." मग मी त्यांची रजई सारखी करायची, तळव्यांना तेल चोळायची. बाजूच्या टेबलावर तबस्सुमचं लॅपटॉपवर काम चाललेलं असायचं.

ती घरूनच काम करते. मेलेली जनावरं उचलायचा ठेका घेतलेल्या एका माणसाकडं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाकाला पदर लावला होता.

"काकू, मी कुठं हात लावते जनावरांना," ती हसत म्हणाली. "मी फक्त पत्ते शोधते. लोक फोन करतात, इथं कुत्रं मेलंय, तिथं बकरी मेलीय. फोनवरची मुलगी पत्ता टाइप करते. मग मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे पायथॉनमधला छोटा प्रोग्राम, तो पत्ता घेऊन इंटरनेटवरच्या नकाशाच्या सर्व्हरला विचारते, ही जागा कुठं आली? सर्व्हर दोन आकडे परत देतो, अक्षांश आणि रेखांश. ते गाडीवाल्या कडूबाच्या मोबाइलवर गेले की त्याच्या नकाशात तिथं लाल टिकली दिसते. तो गाडी घेऊन जातो आणि उचलतो."

"आणि सर्व्हरला नाही सापडली जागा तर?"

तिचं हसू गेलं. सगळं तिथंच तर अडलं होतं. आपल्याकडं कोण सरळ पत्ता सांगतं? 'चांदभाईच्या गिरणीच्या मागं, लिंबाखाली.' गिरणी पडून तिथं मोबाइलचं दुकान झालं, लिंब रस्ता रुंद करताना गेला, पण लोकांच्या तोंडात पत्ता तोच. नकाशाला काय डोंबल कळणार? सर्व्हर रिकामं उत्तर पाठवायचा, त्या रिकाम्या उत्तरावर स्क्रिप्ट बंद पडायची आणि मागच्या सगळ्या तक्रारी तुंबायच्या. ठेकेदार हिच्यावर ओरडायचा.

मीच म्हटलं, "अगं, मग असले पत्ते आपल्या दारात पाठव की. कडूबा इथं येईल, चहा घेईल, मी त्याला रस्ता सांगेन. या गावातली मला माहीत नाही अशी गल्ली आहे का?"

तिला पटलं. तिनं तिथल्या तिथं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. उत्तर रिकामं आलं तर हा बिंदू द्यायचा. बिंदू तिनं मोबाइलवरून घेतला, बसल्या जागेवरून. तेव्हा ती खाटेवर, खालांच्या पायाशी बसली होती.

२

कडूबा कन्नड तालुक्याकडचा. अंगानं थोराड, तोंडात कायम तंबाखू, पण बायामाणसांशी बोलायचं वळण चांगलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायचा, म्हणजे वास आत येत नसे, आणि चालत दारात यायचा.

"ताई, नकाशानं परत इथंच आणलं बगा. आता सांगा, जुन्या हौदाजवळचं मोहरमचं मैदान कुठंशी आलं?"

मी ओट्यावर उभी राहून हातवारे करून सांगायची. तोही मजेनं म्हणायचा, "तुमालाच मोबाइलमदी बसवाया पायजे." तबस्सुम आतून ओरडायची, "माझी नोकरी खाणार तुम्ही काकू!" गंमतच वाटायची. संध्याकाळी मी ह्यांना सांगायची, आज मी कुठली कुठली जनावरं मार्गी लावली. हे जेवताना हात जोडायचे.

पण कडूबा परत यायला लागला. तोंड पाडून.

"ताई, जाऊन आलो. तिथं काय बी नाय."

"नीट बघितलं का?"

"बगितलं ना. जागा बराबर हाय. फोन करणाऱ्या मानसानं सोता दाखिवली. म्हनला, सकाळपस्तोर म्हैस इथंच पडली व्हती, फुगलेली. आता नुसता वला डाग. माश्या बसल्यात डागावर. म्हैस नाय."

"कुत्र्यांनी ओढली असेल."

"म्हैस?" कडूबानं माझ्याकडं बघितलं. "आन् वढल्याची खूण नको का मातीत?"

कोणी कातड्यासाठी नेली असेल, मी म्हटलं. त्याला काही पटलं नाही. चहा अर्धा टाकून तो उठला, आणि उठता उठता त्यानं मान आमच्या नाही, तबस्सुमच्या दाराकडं वळवली. नाक वर केलं.

"घरात काय मेलंय का?"

"तोंड सांभाळ कडूबा. म्हातारं माणूस आहे आत."

"तसं नाय ताई. मला रोजचाच वास हाय हा, म्हनून इचारलं. रागवू नका." आणि तो पायरीवरच तंबाखू थुंकून निघून गेला. असं तो कधी करत नसे.

३

त्यानं म्हटलं म्हणून मला यायला लागला असं मी स्वतःला समजावलं. मनाचे खेळ. पण नाकाला कोण समजावणार?

गोड वास होता तो. सडलेल्याचा असतो तसा नुसता घाण नाही, गोड. घशाच्या मागं जाऊन चिकटायचा आणि घरी येऊन पाणी प्यायलं तरी पाण्याला लागायचा. नळ आला त्या दिवशी मी आणि तबस्सुम दोघींनी ती खोली धुऊन काढली. कपाट सरकवलं, उंदीर नाही. मोरीची जाळी काढली, खाली साबणाचा गाळ आणि केसांचा गुंता, नेहमीचा. फिनाईल ओतलं. फिनाईलचा वास तासभर टिकला, मग त्याच्या खालून तो दुसरा हळूहळू वर आला.

मग माझ्या मनात नको ते आलं. पडून पडून पाठीला जखमा होतात माणसाच्या. तबस्सुम लाजेनं सांगत नसेल. मी तिला दूध आणायला पाठवलं आणि खालांना कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ. पावडर लावलेली, कोरडी, लहान मुलासारखी.

"क्या ढूंढती गं?"

"काही नाही खाला. पावडर लावते."

म्हटलं, रजईच उन्हात टाकू. पायाकडून ओढली तर खालांनी वरून घट्ट धरली. त्या हातांत एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"रहने दे. थंडी वाजेल."

"तुम्हाला?"

त्यांनी रजई आणखी वर ओढली. रजईचा काठ मात्र माझ्या मुठीत होता आणि तो चिकट लागत होता. मी हात उघडून बघितला. आखूड, राठ केस, काही तपकिरी, काही पांढरे, आणि त्यांना धरून ठेवणारं पिवळट मेणासारखं काहीतरी. बोट बोटाला चिकटलं. मी मोरीत जाऊन साबण लावला, मग राख, मग घरी येऊन लिंबू चोळलं. रात्री वरणावर साय धरलेली बघितली आणि ताट तसंच सारलं.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. पोट बरं नाही."

४

पुढं पुढं खाला सुधारायला लागल्या. हे खरं आहे आणि तेच मला सहन होईना.

गालावर रंग आला. दुपारी मी गेले की आधी पाय दुखायचं रडगाणं असायचं, ते बंद झालं. "संध्या, पाय गरम हैं मेरे," त्या म्हणायच्या, एखाद्या मुलीनं पैंजण दाखवावे तशा. भूक वाढली. पूर्वी अर्धी पोळी जायची नाही, आता तीन-तीन मागायच्या, वर दुधाचा वाडगा.

एक दिवस मी पोळ्या घेऊन गेले. तबस्सुम कानाला मोबाइल लावून ठेकेदाराशी बोलत अंगणात फिरत होती. खालांनी पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि तोंडाकडं न नेता हात रजईच्या आत सरकवला. मनगट आत गेलं, कोपर आत गेलं. चेहरा शांत, नजर माझ्यावर. बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता त्याचा आवाज येत होता, आणि आतून दुसरा आवाज. लपलप. ओल्या जिभेचा.

हात बाहेर आला तो रिकामा. मनगटापर्यंत ओला, त्यावर लाळेच्या तारा.

मांजर, मी म्हटलं. स्वतःला म्हटलं. ढासळलेल्या भिंतीवरून येते, उबेला शिरते. मला एवढं हायसं वाटलं की हसू आलं.

"मांजर शिरलीय का हो खाला आत?"

"बिल्ली भी है," खाला म्हणाल्या.

मग त्यांनी त्याच हातानं पुढचा तुकडा मोडला, बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला. "ले. तू पण खा. कित्ती वाळलीस."

काय करायचं? ज्या बाईनं माझ्या बाळंतपणात शेवया करून घातल्या, ईदला माझ्या पोरांसाठी वेगळा डबा काढला, तिच्या हातचा घास. मी तोंड उघडलं. तिची बोटं माझ्या ओठांना लागली. त्यांना तोच गोड वास होता. घास मी गालात धरला, मान हलवली, हसले, आणि मोरीत जाऊन थुंकले. जिभेवर एक केस राहिला होता. तो काढायला मला किती वेळ लागला.

५

मी तबस्सुमला अंगणात गाठलं. सगळं बोलले. वाटलं, चिडेल, काकू वेडी झाली म्हणेल. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "या. तुम्हाला दाखवते."

तिनं लॅपटॉपवर नकाशा उघडला. साधा नाही, आकाशातून फोटो काढतात तो. सगळं शहर लाल टिपक्यांनी भरलेलं.

"या सगळ्या सापडलेल्या तक्रारी. आता या बाजूला काढते." टिपके गेले. एकच राहिला. "आणि हा न सापडलेल्यांचा."

"एकच तर आहे."

"एक नाही काकू. एकावर एक बसल्यात."

ती नकाशा मोठा करत गेली. आमची गल्ली आली, माझं वाळत घातलेलं पातळ सुद्धा दिसलं, मग त्यांचे पत्रे. टिपका मागच्या खोलीच्या पत्र्यावर, दाराच्या विरुद्ध टोकाला. खालांच्या पायांच्या बरोबर वर.

"कडूबाला म्हैस सापडली नाही, बकरी सापडली नाही," तबस्सुम हळू आवाजात म्हणाली. "जी सर्व्हरला सापडतात तेवढीच त्याला जागेवर सापडतात. बाकी सगळी..." तिनं त्या टिपक्यावर बोट ठेवलं. "मी इथंच तर सांगितलंय ना त्यांना. मीच लिहिलंय, इथं."

"मग काढ ती ओळ!"

तिनं काढली. रिकामं उत्तर आलं तर तक्रार फोनवरच्या मुलीकडं परत जाईल, तिनं परत विचारायचं, अशी दुसरी लिहिली. दिवस मावळायच्या आत खोलीतला वास गेला. गेला म्हणजे कुणी दार लावून बाहेर पडावं तसा एकाएकी गेला. कडूबाचा फोन आला, आनंदानं ओरडत होता. "ताई, म्हैस घावली! जिथल्या तिथंच हाय की! म्या काय आंधळा झालतो का काय?"

मी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. पोटभर जेवले.

सकाळी तबस्सुमनं भिंतीवरून हाक मारली ती हाक नव्हतीच, किंकाळी होती. खालांचे पाय, मांड्या, पोट, सगळं गार. माणूस गेल्यावर लागतं तसं गार, आणि खाला तर डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होत्या. ओठ निळे. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांना बीपी लागेना. हलवू नका म्हणाले, वाटेतच जाईल, आणि बॅग उचलून निघाले. गारठा वर चढत होता. मी छातीवर हात ठेवला होता, मला हाताखाली कळत होतं.

"मेरे बच्चों को कहां भेजा?" खाला रडत होत्या. आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. "बाहर धूप में पड़े हैं बेचारे. कोई नहीं उनका."

तबस्सुमनं लॅपटॉप उघडला.

"नको," मी म्हटलं. "तबस्सुम, नको गं. घाण आहे ती. मेलेली घाण."

"अम्मीकडं बघा काकू."

मी बघितलं. मग मी बाजूला सरकले. तिनं ती ओळ परत घातली. आम्ही दोघी त्या पडद्याकडं बघत बसलो. एक तक्रार आली, कुणाची तरी शेळी, कुठल्याशा बारवेजवळ. स्क्रिप्टनं विचारलं. सर्व्हरनं रिकामं उत्तर दिलं.

खालांनी लांब श्वास घेतला. रजई पायाशी जराशी फुगली आणि बसली.

"आ गयी," खाला म्हणाल्या.

६

तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही त्यावर. मी दुपारी जाते, नाकाला अत्तराचा बोळा लावते, तो खालांनीच दिलाय. खाला गोऱ्यापान झाल्यात. वास आता माझ्या पदरालाही येतो असं हे म्हणतात, आणि पूर्वीसारखे माझ्या शेजारी झोपत नाहीत.

परवा तबस्सुमला वैजापूरला जावं लागलं. तिथं पण असंच काम सुरू करायचंय म्हणून स्क्रिप्ट दाखवायला बोलावलं होतं. "दुपारपुरतं बसा काकू. रजईला हात लावू नका, बस." मी शब्द दिला.

पाळलाही होता. खुर्ची दाराशी ओढून भाजी निवडत होते. पंखा फिरत होता. पंख्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज मला बऱ्याच वेळापासून ऐकू येत होता, पण मी मेथीकडं बघत राहिले. श्वासांचा होता तो. एकाचा नव्हता. काही जड, लांब, काही इतके बारीक की पाखराचे असावेत.

"संध्या, तुझे गुडघे दुखतात ना?" खाला म्हणाल्या.

"नाही खाला. बरे आहेत आता."

"झूट. मी बघते ना, भिंत चढताना कशी कण्हते. ये. इथं बस. पाय आत घाल."

"नको."

"अगं, लाजते काय? खूप जागा आहे." आणि त्यांनी माझ्यासाठी रजईचा कोपरा उचलला. असा, जशी आई पोराला जवळ घेताना उचलते.

मी बघायचं नाही ठरवलं होतं. पण आयुष्यभर ज्या डोळ्यांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय, ते ऐन वेळी थोडेच मिटतात.

आत अंधार होता आणि वाफ होती. ओली कातडी. एक शिंग, त्याला लागलेली माती वाळलेली. चपटं झालेलं पीस. एक डोळा, दुधाळ, त्यावर माशी, आणि त्या डोळ्यानं पापणी लववली. सगळं एकमेकांत दाबून बसलेलं, कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे कळत नव्हतं, आणि सगळं एका लयीत वर-खाली होत होतं. मी खालांचे पाय शोधत होते. दोन वर्षं चोळलेले पाय, मला अंधारातही ओळखू आले असते. कमरेवरच्या कुर्त्यापर्यंत माझी नजर गेली. कुर्त्याच्या खाली पाय नव्हते. कुर्त्याच्या खालून केस सुरू होत होते. राठ, तपकिरी.

मग ते सगळं थोडं सरकलं. भिंतीकडं. मला जागा करून दिली.

मी मोरीत ओकले. सकाळचं, रात्रीचं, सगळं पडलं. तिथंच मोबाइल वाजला. तबस्सुम.

"काकू, अम्मी कशी आहे? तुमचा आवाज असा का? तुम्ही बघितलं ना?" बोलता बोलता ती रडायला लागली. "मला नाही सहन होत आता. लॅपटॉप समोर उघडा आहे. तुम्ही म्हणाल तर ती ओळ आत्ता काढते. कायमची. मागच्या वेळेसारखं होणार नाही, आज थेट मोठ्या दवाखान्यात नेऊ, पाय गार पडले तरी नेऊ. बोला काकू. काढू?"

मी दाराच्या चौकटीला धरून आत बघितलं. खाला पाठ टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या, कुणी आधार न देता. रजईवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत होत्या, आणि मला बघून त्यांनी शेजारची जागा थोपटली.

ती ओळ निघाली तर कुर्त्याखाली काय उरेल? किती उरेल?

"काकू? पाय कसे आहेत अम्मीचे?"

"गरम आहेत," मी म्हटलं. "राहू दे."